विज्ञानाच्या तासाचे मोजमाप आणि आपला धंदा

आपले मूल सहावी-सातवीच्या सुमारास विज्ञानाच्या पुस्तकात 'मापन' हा धडा शिकते. बाप त्या वेळी दुकानात किंवा कारखान्यात मोजमापच करीत असतो. तरीही दोघांची भाषा निराळी! मूल मिलिमीटर, ग्रॅम, लिटर बोलते; बाप सूत, इंच, वार, तोळा बोलतो. मुलाचा धडा परीक्षेपुरता राहतो आणि बापाचा अंदाज सवयीपुरता. वास्तविक हा धडा धंद्याचाच आहे. तो नीट समजला तर माल वाया जाणे आणि गिऱ्हाइकाशी वाद होणे या दोन्ही गोष्टी कमी होतात. म्हणून या आठवड्यात आम्ही तोच धडा व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी मांडीत आहोत.

दहाचा हिशेब

आपल्या देशात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याआधी चाळीस शेरांचा मण, ऐंशी तोळ्यांचा शेर, तीन फुटांचा वार, बारा इंचांचा फूट आणि आठ सुतांचा इंच असे होते. प्रत्येक ठिकाणी निराळा आकडा पाठ करावा लागे. दशमान पद्धतीत १० मिलिमीटरचा सेंटिमीटर, १०० सेंटिमीटरचा मीटर, १००० ग्रॅमचा किलो आणि १००० मिलिलिटरचा लिटर. नुसते दशांश चिन्ह सरकवले की हिशेब झाला.

जुन्या मापांशी सांगड घालण्यासाठी काही आकडे दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, १ सूत म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर, १ फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, १ वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर आणि जुना १ तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम.

नुकसान कोठे होते?

खरे नुकसान दोन पद्धतींची सरमिसळ केल्याने होते. सुतारकामात पाऊण इंच म्हणजे सहा सूत, म्हणजेच १९ मिलिमीटर. प्लायवूडचा तक्ता मात्र १८ मिलिमीटरचा आणला. सहा सुतांची खाच मारली की तक्ता त्यात एक मिलिमीटर सैल बसतो आणि कपाट खुळखुळते.

फरशीच्या कामात ज्याला आपण 'दोन बाय दोन' म्हणतो, ती टाइल बहुधा ६०० मिलिमीटरची असते. पूर्ण दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. वीस फुटांच्या खोलीत दहा टाइल लावल्या तर ९६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार इंच जागा उरते. ठेका घेताना हे ध्यानात नसेल तर जादा टाइल कारागिराच्या खिशातून जाते.

कापडात शंभर वार म्हणजे ९१.४४ मीटर. वाराचा भाव मीटरला लावला किंवा मीटरचा वाराला लावला, तर शंभरामागे साडेआठ मीटरचा फरक पडतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर तार इंचात मोजतात. खरेदीदाराने सेंटिमीटरमध्ये मागणी दिली तर २.५४ ने भागावे. इंचाला ६० तार म्हणजे सेंटिमीटरला साडेतेवीसच्या किंचित वर.

तेलाच्या व्यापारात किलो आणि लिटर एकच समजतात. विज्ञानाचा धडा सांगतो की किलो हे वस्तुमानाचे माप, लिटर हे आकारमानाचे. एक लिटर पाणी एक किलो भरते. खाद्यतेल पाण्याहून हलके असल्याने एक लिटर सुमारे ९१० ग्रॅमच भरते. बाजारात १५ किलोचे डबे येतात, तसेच १५ लिटरचेही येतात. १५ लिटरच्या डब्यात तेल १३.६५ किलोच असते. तेव्हा डब्यावरचा शब्द वाचूनच भाव करावा.

तोळ्याचेही तसेच. सराफ बाजारात आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जकातीचा निसाब मात्र साडेबावन्न तोळे चांदी असा सांगतात तो जुन्या तोळ्याने, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर ५२५ ग्रॅमच होतात. ८७ ग्रॅमचा हा फरक लहान नाही.

मापण्याच्या चार शिस्ती

वर्गात मास्तर पट्टी हातात देऊन ज्या शिस्ती शिकवतात, त्या कारखान्यातही तशाच लागू आहेत.

पहिली, शून्य तपासा. पट्टीची कड झिजलेली असेल तर १ सेंटिमीटरच्या खुणेपासून मापून शेवटी एक वजा करावा. काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य दिसते का ते पाहावे. पोलादी टेपचा पुढचा हूक थोडा हलतो; तो बिघाड नव्हे. आतून आणि बाहेरून मापताना हुकाच्या पत्र्याची जाडी भरून निघावी म्हणून तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. ठोकून घट्ट केला की माप चुकलेच.

दुसरी, नजर खुणेच्या अगदी समोर ठेवा. बाजूने पाहिल्यास खूण सरकलेली दिसते.

तिसरी, साधनाचे लघुतम माप ओळखा, म्हणजे ते कमीत कमी किती मोजू शकते ते पाहा. साधी पट्टी १ मिलिमीटर दाखवते, मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटर. लेथवर बेअरिंग बसवायचे काम पट्टीने होणार नाही. तसेच ५ ग्रॅमच्या पायरीने चालणाऱ्या काट्यावर एक ग्रॅम केशर तोलणे व्यर्थ आहे.

चौथी, दोनदा मापा. कापल्यानंतर लाकूड आणि कापड परत जुळत नाही.

सरावासाठी

ही तीन उदाहरणे आज रात्री मुलाला सोबत घेऊन सोडवावीत. (१) ४० वार कापड म्हणजे किती मीटर? (२) ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद खोली किती चौरस फूट? (३) २५ मिलिमीटरचा पाइप म्हणजे किती सूत?

उत्तरे: (१) ३६.५८ मीटर. (२) १२९ चौरस फूट. येथे पुष्कळांची गफलत होते. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट असले तरी १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. लांबीचा आकडा क्षेत्रफळाला लावू नये. (३) जवळजवळ आठ सूत, म्हणजे एक इंच.

बंधूंनो, मोठ्या कारखान्यांची आणि निर्यातीची कामे नकाशावर येतात आणि त्या नकाशात मिलिमीटरच असतात. हाताला हुनर असूनही नकाशा वाचता येत नाही म्हणून उस्तादाला दुसऱ्याच्या हाताखाली राबावे लागते. मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे, हे आपण जाणतोच. पण नीयत साफ असूनही माप चुकले तर गिऱ्हाइकाचे नुकसान व्हायचे ते होतेच. म्हणून काटे आणि वजने मुदतीत तपासून शिक्का मारून घ्यावीत, आणि शागिर्दाला पहिल्या दिवसापासून मिलिमीटरची पट्टी द्यावी. मुलाचे विज्ञानाचे पुस्तक एकदा दुकानात आणून तो धडा त्याच्याकडूनच वाचून घ्यावा. त्याला पुस्तक येते, आपल्याला काम येते. दोन्ही एकत्र आली तर फायदा घराचाच आहे.