म्हातारीला खरंच जाड व्हायचं होतं का?

पोरी, तिसरीतलं लेकरू गोष्ट घडाघडा वाचून दाखवतं म्हणून नोंदवहीत लगेच 'वाचन उत्तम' असं लिहून मोकळी होऊ नकोस. निपुण भारतचं उद्दिष्ट तुला पाठ असेल: तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. त्यातले ६० शब्द मोबाइलच्या घड्याळावर मोजता येतात. 'समजून' मात्र कोणत्याच घड्याळात दिसत नाही, ते तुलाच शोधावं लागतं. तू साताऱ्याकडची, पवित्र पोर्टलवरून थेट मानोऱ्याच्या तांड्यावर आलीस. माझी सगळी नोकरी याच भागात गेली, आधी वर्गात आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून. तेव्हा ऐक.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घे. जंगलात वाघ भेटतो, म्हातारीला खातो म्हणतो. म्हातारी म्हणते, लेकीकडे जाऊ दे, तूपरोटी खाऊन जाड होऊन येते, मग खा. आता 'म्हातारी कोणाकडे चालली होती?' असं विचारलंस की सगळा वर्ग हात वर करणार. त्याऐवजी विचार, 'म्हातारीला खरंच जाड व्हायचं होतं का?' एखादं लेकरू म्हणेल, हो, ती तसंच म्हणाली ना. त्याने शब्द वाचलेत. दुसरं म्हणेल, 'नाई मॅडम, थे वाघाले फसवून राह्यली व्हती.' त्याने गोष्ट वाचली. गोष्टीतलं माणूस बोलतं एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं, आणि ते दुसरं पानावर कुठेच छापलेलं नसतं. तिथपर्यंत लेकरू पोचलं की नाही, एवढंच तुला पाहायचं आहे. बाकी सगळी तयारी त्यासाठी.

ही गोष्ट मी तुला प्रश्न कसा काढायचा ते दाखवायला सांगितली. परीक्षेला ती घेऊ नकोस, कारण घराघरांत ती आजीकडून ऐकलेली असते आणि लेकरू पुस्तक न उघडताच उत्तरं देतं. मुलांनी न ऐकलेली, पानभराची गोष्ट हवी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंक शाळेच्या कपाटात सापडले तर तुझी बरीच सोय झाली. फक्त निवडताना बघ, गोष्टीतलं जग लेकराच्या ओळखीचं आहे का. समुद्राची भरती-ओहोटी किंवा मुंबईच्या लोकलमधली गर्दी यांवरच जर कथानक अडकलं असेल, तर आपल्याकडचं पोर वाचनात नापास होतं की समुद्र न पाहिल्यामुळे, हे तुला कळणार नाही. अशा गोष्टी वर्गात जरूर वाच, गप्पा मार, चित्रं दाखव. पण पारखायला तूर-सोयाबीनचं शेत, बाजार, बकरी, भावाबहिणीचं भांडण, हरवलेली वस्तू असलेली गोष्ट बरी.

आता एक प्रयोग स्वतःवर कर. मी दोन वाक्यं लिहिते: 'एका गलपीत टोंबर राहत होता. तो रोज चिरबट लपावत असे.' गलपीत कोण राहत होता? टोंबर. तो रोज काय लपावत असे? चिरबट. दोन्ही उत्तरं बरोबर आली, आणि गलपी, टोंबर, चिरबट, लपावणं यांतल्या एकाही शब्दाला अर्थ नाही; मी आत्ता बसल्या बसल्या बनवलेत. आपल्या छापील स्वाध्यायांतले कितीतरी प्रश्न या जातीचे असतात. वाक्यातला एक शब्द काढायचा, तिथे 'कोण' किंवा 'काय' ठेवायचं, की प्रश्न तयार. ते पूर्ण टाकू नकोस, बुजऱ्या मुलाला बोलतं करायला एक-दोन उपयोगी पडतात. पण त्यावर गुण देऊन समज मोजली असं समजणं चूक आहे.

तात्पर्यही विचारू नकोस. 'या गोष्टीतून काय बोध मिळाला' म्हटलं की 'नेहमी खरे बोलावे' हे ठरलेलं उत्तर येतं, गोष्ट कुठलीही असो. उलट गोष्ट अर्ध्यावर थांबवून पुस्तक उलटं ठेव आणि विचार, आता पुढे काय होईल आणि तुला तसं का वाटतं? पहिल्या भागाला अंदाज काहीही चालतो. खरी परीक्षा दुसऱ्या भागाची आहे. तो 'का' गोष्टीत आधी घडलेल्या कशाला तरी धरून आला, तर समजलं. शेवटी विचार, गोष्टीतला मुलगा सुरुवातीला आणि शेवटी सारखाच आहे का? मग लेकराला गोष्ट त्याच्या शब्दांत सांगायला लाव. त्यात तपशील सुटले तर सुटू दे. 'मग... मग... मग' अशी घटनांची रांग लावतंय की 'म्हणून' आणि 'पण' येतंय, तिकडे कान दे. 'त्याच्याजवळ पैसे नव्हते म्हणून तो खोटं बोलला' असं एक वाक्य आलं तर मला ते दहा बरोबर उत्तरांपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रश्न विचारलास की गप्प राहा. आपल्याला शांतता सोसत नाही, आपण दोन सेकंदांत प्रश्न बदलतो किंवा उत्तराचं पहिलं अक्षर पुरवतो. मनातल्या मनात दहा आकडे मोज. पुस्तक लेकराच्या हातात उघडंच राहू दे. तू त्याची आठवण तपासत नाहीस. त्याला मागे जाऊन ओळ शोधावीशी वाटली तर ती चांगली खूण आहे. उत्तर लिहायला लावू नकोस, निदान तिसरीपर्यंत तरी. लिहिता न आल्यामुळे कितीतरी समजूतदार पोरं मागे पडलेली दिसतात. यात नियमाचीही अडचण नाही. २० ऑगस्ट २०१०च्या शासननिर्णयाने आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि पुस्तकासह चाचणी दोन्ही दिलेलं आहे. ते वापर.

आता इकडच्या बोलीचं, कारण इथेच बाहेरून आलेले शिक्षक चुकतात. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. पानावर 'पळाला' असेल आणि लेकरू 'पयाला' वाचेल, 'डोळा'चं 'डोया' करेल. ती चूक धरू नकोस. अक्षरामागून अक्षर लावणारं मूल असं करत नाही. त्याने शब्द ओळखला, अर्थ घेतला आणि आपल्या घरच्या तोंडाने सांगितला. 'आई'च्या जागी 'माय' वाचलं तरी तेच. याउलट 'घर'च्या जागी 'घार' वाचून, वाक्य निरर्थक झालं तरी पुढे जाणारं मूल काळजीचं आहे. थांबून, मागे येऊन स्वतः दुरुस्त करणारं मूल शाबासकीचं. म्हणून चुका नुसत्या मोजू नकोस, कोणत्या आहेत ते लिहून ठेव.

तुझ्या तांड्यावर आणखी एक पायरी आहे. तिथल्या लेकरांची घरची भाषा गोरमाटी. मराठी ही त्यांची शाळेतली भाषा, अनेकांची पहिलीत आल्यावरच गाठ पडलेली. लेकराने मराठी गोष्ट वाचून उत्तर गोरमाटीत दिलं, आईला 'याडी' म्हटलं, तर ते पूर्ण उत्तर आहे. तुला कळलं नाही तर पाचवीतल्या मोठ्या मुलीला दुभाषी कर. आणि तू स्वतः थोडी गोरमाटी शीक. पोहरादेवी तुझ्याच तालुक्यात आहे, तिथल्या यात्रेला जा, बायकांशी बोल.

एखादं मूल उत्तरच देत नसेल तर दोष नक्की कुठे आहे ते आधी ठरव. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अवघड गोष्टीचं पान तूच वाचून दाखव आणि तसेच प्रश्न विचार. ऐकून उत्तरं आली, तर समज शाबूत आहे, अक्षर-शब्दांवर काम कर. ऐकूनही आली नाहीत, तर बाराखडी कितीही घोटून घेतलीस तरी उपयोग नाही. त्याला गोष्टी हव्यात, रोज, तुझ्या तोंडून, शब्दांचे अर्थ बोलण्यात येतील अशा. काही घरं दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जातात. ती लेकरं परतली की पहिल्या आठवड्यात हेच कर.

असरची पाहणी २००५पासून खेड्यापाड्यांत घरोघरी होते. तीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चढत्या पायऱ्या असतात. गोष्ट वाचता आली की मूल वरच्या पायरीवर. मोठ्या पाहणीला ते पुरेसं आणि नेटकं आहे. तुझा वर्ग पाहणीपुरता नाही. वरच्या पायरीवरचं मूल हातात आलं, की तुझं काम तिथून सुरू होतं.

दोन शिक्षकी शाळेत वेळ कुठून आणायचा, हे विचारशीलच. सगळ्या वर्गाची परीक्षा एका दिवशी घेऊ नकोस. रोज दोन मुलं, प्रत्येकी आठ-दहा मिनिटं, बाकीचे चित्रं क्रमाने लावत असतील तेव्हा. वर्णनात्मक नोंदीत 'आकलन चांगले' असले शब्द नकोत. लेकराचं वाक्य त्याच्याच बोलीत जसंच्या तसं लिही. जूनअखेर शाळा उघडतानाचं वाक्य आणि एप्रिलमधल्या सकाळच्या शाळेतलं वाक्य शेजारी ठेवलंस, की पालकसभेत मायबापाला टक्केवारी सांगायची गरज पडत नाही.

आणि प्रश्न वर्गात नेण्याआधी शाळेतल्या दुसऱ्या सरांना दाखव, गोष्ट न देता. गोष्ट न वाचताच त्यांना उत्तर बरोबर आलं, तर तो प्रश्न खोड आणि नवा काढ.