फी हॉस्पिटलची, शिक्षण आपले : सही करण्यापूर्वी

या वर्षीच्या निधीतून आरोग्यसेवेत शिरू पाहणाऱ्या आपल्या मंडळींना शिक्षणासाठी मदत करायची, असे ठरले तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न आला तो असा : "अहो, इथे हॉस्पिटलंच फी भरतात ना? मग आपल्या पैशांची गरज काय?" प्रश्न रास्त आहे, देणगीदाराने तो विचारायलाच हवा. आम्ही कार्यकर्ते बहुतेक सॉफ्टवेअरवाले. नर्सिंगमधले आम्हाला काय कळणार! पण नियम वाचणे आणि हिशेब मांडणे एवढे जमते. ते करून जे हाती लागले ते इथे देत आहोत.

हॉस्पिटल फी भरते ते धर्मादाय म्हणून नव्हे. त्यांना माणसे हवी असतात. बाहेरून एजन्सीमार्फत नर्स आणणे महाग पडते आणि ती टिकेल याची खात्री नसते. उलट आपल्याच वॉर्डात काम करणारी नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, पेशंट ओळखते, रात्रपाळी म्हणजे काय ते जाणते. तिलाच शिकवून नर्स केले तर दोघांचाही फायदा. तिचा किती? 2024 साली अमेरिकेत सीएनएचा मधला वार्षिक पगार सुमारे 39 हजार डॉलर होता, रजिस्टर्ड नर्सचा सुमारे 93 हजार. एका घराचे चित्र बदलणारा हा फरक आहे.

पहिल्या पायरीचा नियम तर फारच थोड्यांना माहीत असतो. 1987 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होममधील सीएनएला किमान 75 तासांचे प्रशिक्षण लागते. काही राज्ये जास्त मागतात, कॅलिफोर्नियात ते 160 तास आहे. अशा नर्सिंग होमने नोकरी दिली असेल किंवा देऊ केली असेल, तर त्या प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून घेता येत नाही. स्वतःच्या खिशातून कोर्स केला आणि 12 महिन्यांच्या आत अशी नोकरी मिळाली, तर राज्याने तो खर्च कामाच्या काळाच्या प्रमाणात परत मिळण्याची सोय ठेवायची असते. आपल्या ओळखीतल्या किती जणींनी हे पैसे मागितले असतील? विचारून बघा.

पुढची पायरी कॉलेजची. इथे इन्कम टॅक्स कायद्यातले कलम 127 उपयोगी पडते. आपल्यापैकी कित्येकांनी नोकरी करता करता एमएस किंवा एमबीए केले ते याच कलमाच्या आधारे. लेखी योजना असेल तर एम्प्लॉयर वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत शिक्षणखर्च देऊ शकतो आणि त्यावर कर्मचाऱ्याला टॅक्स लागत नाही. हा आकडा 1986 पासून तोच आहे! 2025 च्या कायद्यामुळे 2027 पासून तो महागाईप्रमाणे वाढणार आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्तेही या रकमेतून फेडण्याची 2020 मध्ये दिलेली तात्पुरती मुभा त्याच कायद्याने कायम झाली.

एवढे सगळे असताना अडते कुठे? अनेक ठिकाणी ही मदत "आधी भरा, मग मागा" अशी असते. समजा सेमिस्टरची फी 1,800 डॉलर आहे. ती सुरुवातीला भरायची, चांगली ग्रेड मिळवायची, रिझल्ट जोडून अर्ज करायचा आणि मग कधीतरी चेक येणार. आम्हा इंजिनिअरांना क्रेडिट कार्डावर हे जमून जाते. 39 हजारांत भाडे आणि दोन मुले सांभाळणारीला जमत नाही. म्हणजे कागदावर मदत आहे, पण ती घेता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. इंग्लंडमध्ये एप्रिल 2017 पासून 30 लाख पौंडांहून मोठे पगारबिल असलेल्या एम्प्लॉयरना वरच्या रकमेवर 0.5 टक्का अप्रेंटिसशिप लेव्ही भरावी लागते, आणि त्या पैशातून नोकरीत राहून नर्सिंगची डिग्री घेता येते. पण तो पैसा फक्त शिकवण्या-परीक्षांवर खर्च करता येतो. ती वर्गात असताना वॉर्डात बदली उभे राहणाऱ्याचा पगार त्यातून देता येत नाही. इथेही तेच. फी भरली जाते, पण पाळीचे बुडालेले तास आणि मुलांच्या डे-केअरचे पैसे कोण देणार?

आणि पैसे असले तरी जागा हवी. 2023 मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंगच्या पदवी आणि त्यावरच्या अभ्यासक्रमांनी शिक्षक आणि जागा अपुऱ्या म्हणून 65 हजारांहून अधिक पात्र अर्ज नाकारले. एच-4 वर असलेल्या भगिनींना तर ईएडीशिवाय नोकरीच करता येत नाही, मग एम्प्लॉयरची योजना दूरच.

आता बाँड! हा शब्द आपल्याला नवा नाही, भारतात पहिल्या नोकरीत कित्येकांनी त्यावर सही केली आहे. इथे त्याला साधारणपणे माफ होणाऱ्या कर्जाचे रूप असते. स्टॉक ऑप्शनचे व्हेस्टिंग उलटे करा, की झाले : दर महिना काम केले की थोडे कर्ज कमी होते, मध्येच सोडले तर उरलेले परत. यात मुळात वाईट काही नाही, असे आमचे मत. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये सुरू झालेल्या कॅडेट नर्स कोअरमध्ये सरकार फी, गणवेश आणि स्टायपेंड देत असे आणि बदल्यात युद्ध संपेपर्यंत सेवेचे वचन घेत असे. त्यातून 1 लाख 24 हजार नर्स तयार झाल्या.

पण सगळे बाँड सारखे नसतात. रक्कम महिन्यागणिक कमी होते, की दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत सगळीच डोक्यावर राहते? हॉस्पिटलनेच काढून टाकले तर? नवऱ्याची बदली झाली तर? नापास झाल्यास? आणि वसुली खऱ्या फीची आहे, की नव्या माणसाला दिलेल्या नेहमीच्या ओळखवर्गाचाही "प्रशिक्षण" म्हणून हजारो डॉलर भाव लावला आहे? कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2026 पासून होणाऱ्या करारांत अशा वसुलीवर कडक बंधने घातली आहेत. सगळीकडे तशी नाहीत.

म्हणून आपला निधी फी "देण्यासाठी" वापरायचा नाही, असे आम्ही सुचवले आणि समितीने मान्य केले. तो बिनव्याजी उचल म्हणून द्यायचा. हॉस्पिटलचा चेक आला की पैसे परत येतील आणि पुढच्या विद्यार्थिनीला जातील. एकच हजार डॉलर असे पुन्हा पुन्हा कामी येतात. थोडा भाग मात्र परत न घेण्याच्या बोलीवर राहील : डे-केअर, पुस्तके आणि एनक्लेक्स परीक्षेच्या नोंदणीचे 200 डॉलर.

कराराचा कागद समजून घ्यायचा असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी निधीच्या टेबलावर आम्ही बसलेले असू. वकिली सल्ला देणे आमचे काम नाही, पण कोणती ओळ वकिलाला दाखवायची हे नक्की सांगू. कागद मात्र सही करण्याआधी आणा.