एमआरआय नॉर्मल आला, तरी गोळ्या बंद नकोत

सायकोसिस म्हणजे वास्तवाशी असलेली मनाची पकड सुटणे. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, घरचेच जेवणात काही कालवतात असा संशय बळावतो आणि कितीही समजावले तरी हटत नाही, बोलण्यात मेळ राहत नाही. स्किझोफ्रेनिया हा यातला सर्वांत परिचित आजार. पण बायपोलर विकारात, तीव्र नैराश्यात किंवा गांजाच्या सेवनानेही सायकोसिस होऊ शकतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे १.४ टक्के प्रौढांना आयुष्यात केव्हा ना केव्हा असा आजार होतो.

आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. वाशीम जिल्ह्यात रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात बारावीचा मुलगा रात्र रात्र जागतो, एकटाच पुटपुटतो, आंघोळ सोडतो. ‘बाहेरचं झालं’ म्हणून आधी देवऋषी गाठला जातो आणि त्यात महिने जातात. पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर इतर आजार नाहीत याची खात्री करण्यासाठी अकोल्याला एमआरआय होतो. घरातली माणसे ती काळी फिल्म उजेडाकडे धरून डाग शोधतात. अहवालात दोष आढळला नाही असे लिहिलेले असते. ‘डोक्यात काहीच निघालं नाही, मग गोळ्या कशाला?’ असा निष्कर्ष निघतो, औषध थांबते आणि आजार उलटतो. अशी ठेच लागलेल्या घरांचा अनुभव इतरांना वेळीच कळायला हवा.

या आजारात मेंदूत बदल होतात, हे खरे. १९७६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर दाखवले की जुन्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या असतात. २०१६ मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी व्यक्तींच्या एमआरआयची तुलना केली. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस, तसेच अमिग्डाला आणि थॅलॅमस हे भाग रुग्णांत सरासरीने लहान आढळले. याच गटाच्या २०१८ च्या अभ्यासात मेंदूचे बाह्य आवरण, विशेषतः कपाळामागचा आणि कानशिलालगतचा भाग, पातळ झाल्याचे दिसले.

मात्र हे सारे फरक सरासरीचे आणि बारीक आहेत. मिलिमीटरच्या अंशांत मोजावा लागणारा पातळपणा फिल्मवर डोळ्यांना दिसत नाही. कित्येक रुग्णांचा मेंदू निरोगी माणसाच्या मापातच बसतो. म्हणून सायकोसिसचे निदान एमआरआयवरून होत नाही. रुग्णाशी बोलून, घरच्यांकडून हकीकत ऐकून मानसोपचारतज्ज्ञ ते करतात. एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव यांसारखी इतर कारणे शोधण्यासाठी असतो.

बदल का होतात, याचे एकच उत्तर नाही. किशोरवयात मेंदू पेशींमधले अनावश्यक जोड छाटतो. ही छाटणी काहींत प्रमाणाबाहेर होत असावी, असे संशोधकांना वाटते. आनुवंशिकता, जन्माच्या वेळच्या अडचणी आणि गांजा यांचाही वाटा असतो. औषधांचा अधिक डोस आणि मेंदूच्या आकारमानातील थोडी घट यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. पण आजार उलटून दीर्घकाळ राहण्याशीही अशीच घट जोडलेली आढळली. यातून मिळणारा धडा म्हणजे कमीत कमी परिणामकारक डोस डॉक्टरांच्या देखरेखीत घेणे. मनाने गोळ्या सोडणे हा त्याचा अर्थ नव्हे. उपचाराविना जितके दिवस जातात, तितके सावरणे अवघड होते.

घरच्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. पहिल्या खुणा दिसताच जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. आवाज कधी सुरू झाले, झोप किती, नशा कोणती, हे वहीत लिहून न्यावे. हातपाय आखडणे, सुस्ती, वजन वाढणे असे त्रास झाले तर डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते. बरे वाटू लागल्यावरही औषध ठरल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरच्यांनाही आधार लागतो. कॅनडात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी झुंजताना हे ओळखले आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. याच आजारावरचा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच पाठबळावर निघाला.

शंका आली तर लपवू नका, एमआरआयची वाटही पाहत बसू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो. पहिला फोन तिथे करा.