एसक्यूएलची दुसरी पायरी : योग्य प्रशिक्षण कसे निवडावे?



आपल्यापैकी अनेकांनी एखादा ऑनलाइन कोर्स करून डेटाबेसची तोंडओळख करून घेतली आहे. सिलेक्ट, व्हेअर, ऑर्डर बाय जमतं. प्रमाणपत्रही मिळतं. पुढचा कोर्स घ्यावा, तर त्यातही पुन्हा तेच पहिले पाच धडे! मग मधली पायरी चढायची कशी?

मधली पायरी म्हणजे नेमकं काय?

एका तक्त्यातून हव्या त्या ओळी काढणे ही पहिली पायरी. दोन-तीन तक्ते जोडून बरोबर उत्तर काढणे ही दुसरी. उदाहरण आपल्याच वर्गाचं घेऊ.

'विद्यार्थी' तक्त्यात 5 मुले आहेत. 'गुण' तक्त्यात चौघांचेच गुण आहेत : 40, 30, 20 आणि 30. पाचवं मूल परीक्षेला गैरहजर होतं, म्हणून त्याची ओळच नाही.

- साधा जॉईन केला, तर यादीत 4 च नावे येतात. पाचवं मूल गळतं आणि संगणक चूक दाखवत नाही.
- लेफ्ट जॉईन केला, तर 5 नावे येतात. पाचव्यापुढे 'नल' म्हणजे 'नोंद नाही' असं येतं.
- सरासरी काढताना नल मोजला जात नाही. म्हणून 120 भागिले 4, उत्तर 30.
- कोणी नलच्या जागी शून्य भरलं, तर 120 भागिले 5, उत्तर 24.

मुले तीच, पण वर्गाची सरासरी 30 की 24? निकालपत्रकात आपण गैरहजर मुलापुढे 'गैरहजर' लिहितो, शून्य लिहीत नाही. हा फरक क्वेरीत सांभाळता येणं म्हणजेच दुसरी पायरी. ज्या मुलाकडे जास्त लक्ष द्यायला हवं, तेच यादीतून गळू नये, यासाठी हे शिकायचं.

कोर्स निवडण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारा

1. सरावाला एकाहून जास्त तक्ते दिले आहेत का?
2. अनुक्रमणिकेत लेफ्ट जॉईन, ग्रुप बायसोबत हॅविंग, नल आणि सबक्वेरी आहे का?
3. स्वतः क्वेरी लिहून, चालवून बघायला लावतात, की नुसते व्हिडिओ आहेत?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पैसे भरा. 'ॲडव्हान्स्ड' या नावावर जाऊ नका.

मोफत कुठे शिकता येईल?

एसक्यूएलझू आणि एसक्यूएलबोल्ट या संकेतस्थळांवर ब्राउझरमध्येच क्वेरी लिहून तपासता येते. दोन्हींत जॉईन आणि नलवर स्वतंत्र धडे आहेत. इंग्रजी अवघड वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही संगणकाचे धडे मिळतात. घरात सीबीएसई बारावीला इन्फॉर्मॅटिक्स प्रॅक्टिसेस घेतलेलं मूल असेल, तर त्याचं पुस्तक मागून घ्या. ग्रुप बाय, हॅविंग आणि दोन तक्त्यांची जोडणी त्यात आहे. सरावासाठी एसक्यूलाइट पुरेसं आहे. ते मोफत आहे आणि सगळा डेटाबेस एकाच फाईलमध्ये राहतो.

सराव कसा करावा?

रोज एकच प्रश्न घ्या, पण तो आधी मराठीत लिहा. उदा. 'कोणत्या मुलांची या महिन्यात एकही हजेरी नाही?' उत्तर पाच-सहा ओळींच्या छोट्या तक्त्यावर हाताने काढा. मगच क्वेरी लिहा आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहा. तोंडी हिशोब करून मग पडताळा घ्यायला आपण मुलांना शिकवतो, तसंच हे.

एक काळजी मात्र घ्या. सरावासाठी मुलांची खरी नावे, आधार क्रमांक किंवा पालकांचे मोबाईल नंबर कुठल्याही संकेतस्थळावर टाकू नका. काल्पनिक नावांची 20 ओळींची यादी पुरते.

आणि क्वेरी चालली की पहिली सवय एकच लावा : आलेल्या ओळी मोजा. पट 32 आणि ओळी 31 असतील, तर राहिलेलं ते एक मूल कोण, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.