हवामानातील पालट आणि गुरांचा डॉक्टर

परिसर अभ्यासात हवामानबदलाचा विषय आला की पुष्कळ शिक्षक वितळणाऱ्या हिमनद्यांपासून पाठास आरंभ करतात. खेड्यातील मुलाने हिमनदी पाहिलेली नसते. गोठ्यातील म्हैस मात्र त्याने रोज पाहिलेली असते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हा अध्यापनाचा जुना दंडक येथे पाळावयाचा तर हा पाठ गोठ्यापासून सुरू व्हावा आणि गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टर हे त्यातील प्रमुख पात्र असावे. वाढत्या उष्म्याचा, अवेळी पावसाचा आणि नव्या रोगाचा फटका मुक्या जनावरास लवकर बसतो व तो ओळखण्याचे काम पशुवैद्याकडे असते.

पहिला प्रश्न सोपा असावा. उन्हाळ्यात म्हैस डबक्यात जाऊन का बसते? मुले उत्तर देतील की तिला उकडते. मग गाईला का उकडत नाही, असे विचारावे. म्हशीचे कातडे काळे असल्याने ते उष्णता अधिक शोषते, आणि घाम आणणाऱ्या ग्रंथी तिच्या कातडीत गाईच्या मानाने फार थोड्या असतात. शिवाय रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटात चारा आंबत असतो व त्या आंबण्यातूनही उष्णता निर्माण होते. बाहेर ऊन आणि आत ही भट्टी, अशा स्थितीत जनावर आपण होऊन चारा कमी खाते. चारा कमी झाला की दूध आटते आणि गाभण राहण्याचे प्रमाणही घटते. ज्या घराचा वाण्याचा हिशेब दुधावर चालतो, त्या घराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणूनच पशुवैद्य उन्हाळ्यात वैरण पहाटे व सायंकाळी उशिरा घालण्यास सांगतात. भर दुपारी पोटातील उष्णतेची भर पडू नये, हा त्यातील हेतू होय. गोठ्याच्या पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या अंथरण्याचा सल्लाही याच कारणाने दिला जातो. शाळेत तापमापक असल्यास उघड्या पत्र्याखाली आणि पाचटाने झाकलेल्या पत्र्याखाली तो एकाच वेळी टांगून दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. त्या फरकाने जे समजेल, ते तासभराच्या व्याख्यानाने समजणार नाही.

दुसरा भाग रोगांचा. डास, माश्या व गोचीड यांची वाढ ऊब आणि ओल यांवर अवलंबून असते. हवामान पालटले की त्यांचा काळ आणि त्यांचा मुलूख, दोन्ही पालटतात. लंपी चर्मरोग हा असा कीटकांमार्फत पसरणारा रोग आहे. त्याची पहिली नोंद १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशात झाली. भारतात तो २०१९ साली ओडिशात आढळला आणि २०२२ साली गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रात त्याने हाहाकार केला. हा रोग केवळ हवामानबदलामुळे आला असे म्हणणे योग्य होणार नाही. जनावरांच्या वाहतुकीचाही त्यात वाटा असतो. त्या वर्षी महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि एक कोटीहून अधिक जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. दूध पिऊ नये, अशी अफवाही तेव्हा उठली होती. हा रोग माणसास होत नाही, हे पशुवैद्यांना गावोगाव सांगत फिरावे लागले.

आता एक दूरदेशीची हकीकत. वरच्या वर्गास ती गोष्टीसारखी सांगावी, परंतु तिच्यातील साले फळ्यावर अवश्य लिहावीत. रशियाच्या उत्तर टोकाला यमल नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील नेनेत्स लोक रेनडिअर नावाच्या हरिणजातीय जनावरांचे कळप घेऊन भटकतात. आपल्याकडील धनगर मेंढरे घेऊन हिंडतात, तसेच. तेथील जमीन थोड्या खोलीवर बाराही महिने गोठलेली असते. पूर्वी तेथे फाशी या रोगाने जनावरे मरत. हाच रोग माणसास झाला की आपण त्यास काळपुळी म्हणतो. त्याचे बीजाणू मातीत अनेक दशके जिवंत राहतात. १९४१ नंतर त्या भागात रोगाची साथ आली नाही. पशुवैद्य दरवर्षी कळपांना लस टोचत होते. पुढे रोगच दिसत नाही, मग लस कशाला, असा विचार झाला आणि २००७ साली लसीकरण थांबविण्यात आले.

२०१६ च्या उन्हाळ्यात त्या हिमप्रदेशात पारा ३५ अंश सेल्सियसपर्यंत चढला. गोठलेली जमीन नेहमीहून अधिक खोल वितळली आणि जुन्या मृत जनावरांसह गोठून राहिलेले बीजाणू मोकळे झाले, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले, अनेक माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. पुढे लसीकरण पुन्हा सुरू करण्यात आले.

या घटनेत दोष उन्हाचा किती आणि बंद केलेल्या लसीचा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. वर्गात हा प्रश्न मुलांपुढे ठेवून त्यांना वाद घालू द्यावा. पशुवैद्याचे निम्मे काम न दिसणारे असते, आणि न दिसणाऱ्या कामाचा खर्च लोकांस नेहमीच जड वाटतो, हे मात्र शिक्षकाने ध्यानी ठेवावे.

फाशी आपल्याकडेही होते. जनावर अचानक मेले आणि त्याच्या नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त वाहू लागले, तर त्यास हात लावू नये. ते चिरू नये, कातडे सोडवू नये. शव उघडले की हवेच्या संपर्काने बीजाणू तयार होतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते. दवाखान्यास कळवून, सांगतील त्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरावे. मुलांनी तर जवळही जाऊ नये. एवढा भाग दोनदा सांगितला तरी चालेल.

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचतात. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. आजार गावात शिरल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग होत नाही. पूर्वी मृगाचा हिशेब धरून हे काम उरकले जाई. आता वळीव कधी लवकर येतो, पाऊस कधी जूनअखेर लांबतो. म्हणून मृगावर विसंबून न राहता दवाखान्याने दिलेली तारीख पाळणे श्रेयस्कर.

पावसाने ताण दिलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे विषारी असतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असते. पावसातील खंड वाढले तसा हा धोकाही वाढतो. असे फुटवे खाऊन जनावर धापा टाकू लागले तर वेळ घालवू नये. डॉक्टर लवकर पोचले तर त्यावर इंजेक्शन असते.

शेवटी मिथेन वायूचा उल्लेख करणे प्राप्त आहे, कारण मुले तो कोठेतरी ऐकून येतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हा वायू तयार होतो आणि मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. वर्ग हसेल, हसू द्यावा. हा वायू पृथ्वीची उष्णता वाढवितो हे खरे. परंतु गाय अपराधी आहे, अशी मुलांची समजूत होऊ देऊ नये. आजारी व अर्धपोटी जनावर दूध थोडे देते, वायू मात्र सोडीतच राहते. तेच जनावर निरोगी असेल व त्यास समतोल आहार मिळाला, तर दर लिटर दुधामागे हा वायू कमी पडतो. याही बाबतीत पशुवैद्याचा सल्ला कामी येतो.

पाठानंतरचा स्वाध्याय घरी करावयाचा असावा. प्रत्येक मुलाने घरातील जनावरे, त्यांना टोचलेल्या लसी आणि त्यांचा महिना विचारून आणावा व वर्गात एक मोठा तक्ता तयार करावा. जेथे ‘आठवत नाही’ असे उत्तर येईल, तेथे रकाना कोरा ठेवावा. मुलांनी अंदाजाने भरू नये. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी डॉक्टरांस एकदा शाळेत बोलावून तो तक्ता त्यांच्या हाती द्यावा आणि कोऱ्या रकान्यांची घरे मुलांनीच त्यांना दाखवावीत.