हाड जुळतं, पण गुडघ्याची गादी? १ ऑगस्टला होडीवर चढण्याआधी हे वाचा



बंदीचे ६१ दिवस संपत आले. जेटीवर रंगकाम, जाळी सांधणं, इंजिनाची कामं जोरात चालू आहेत. आणि दरवर्षीप्रमाणे ऑफिसात तोच प्रश्न येतोय, "सेक्रेटरी, प्लास्टर काढलंय, आता जाऊ ना दर्यात?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. पण सभासदांबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या मारताना जे विचारून आणि वाचून समजून घेतलं, ते साध्या भाषेत सांगतो.

आधी आपल्याच दोन खलाशांची गोष्ट. दोघंही एकाच हंगामात पडले. एकाचा पाय विंचच्या दोरात सापडून नडगीचं हाड मोडलं. आत रॉड घालावा लागला. पाच महिन्यांनी तो परत डेकवर उभा राहिला आणि आज सगळी कामं करतो. दुसरा ओल्या डेकवर घसरला, पाऊल अडकलं आणि गुडघा पिळवटला. एक्स-रे काढला तर हाड शाबूत. सगळे म्हणाले, "नशीब, नुसतं मुरगळलंय." आठव्या दिवशी दुखण्याची गोळी घेऊन तो जाळं ओढायला गेला. आज तो उकिडवा बसू शकत नाही, जेटीच्या पायऱ्या उतरताना कठडा धरतो. त्याला "जा" म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. ही आमची चूक.

ज्याचं हाड मोडलं तो बरा झाला आणि ज्याचं मोडलं नाही तो अधू झाला. असं का?

मोडलेलं हाड कसं जुळतं

हाड म्हणजे सुकं लाकूड नव्हे. त्यात रक्त खेळतं, जिवंत पेशी असतात. म्हणून ते स्वतःला दुरुस्त करतं.

१) हाड मोडलं की तिथे रक्त साकळून गाठ होते. सूज येते, ठणका लागतो. पहिला आठवडाभर शरीर साफसफाई करतं आणि दुरुस्तीच्या पेशी गोळा करतं.

२) साधारण दोन ते तीन आठवड्यांत दोन टोकांमध्ये मऊ, चिवट गोळा तयार होतो. हाड "धरलं" असं आपण म्हणतो ते इथे. पण ही पकड कच्ची असते.

३) पुढे सहा ते बारा आठवड्यांत त्या गोळ्यात चुना भरतो आणि कडक हाड होतं. एक्स-रेमध्ये ते जाडसर दिसतं.

४) त्यानंतर काही महिने, कधी काही वर्षं, शरीर तो जाडसर भाग घासून मूळ आकारात आणतं. जिथे भार पडतो तिथे हाड भक्कम होतं. युलियस वोल्फ या जर्मन डॉक्टरांनी हा नियम १८९२ साली मांडला.

फायबरच्या होडीला भोक पडलं तर आपण मॅट आणि रेझिन लावतो. ते हाताला सुकं लागलं म्हणून लगेच होडी पाण्यात लोटत नाही. हाडाचंही तसंच. प्लास्टर निघालं म्हणजे काम संपलं असं नाही.

आता हिशेब करा. बंदीचे ६१ दिवस म्हणजे जेमतेम नऊ आठवडे. बोटाचं हाड तीन-चार आठवड्यांत धरतं, मनगटाला सहा आठवडे लागतात. मे महिन्यात मनगट मोडलेला माणूस ऑगस्टमध्ये हलकं काम करू शकेल. पण नडगीला तीन-चार महिने लागतात, कधी जास्तही. मे अखेर नडगी मोडलेला माणूस १ ऑगस्टला तयार नसतो, तो स्वतः कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी.

गादीचं गणित वेगळं

घरात मोरी कापली आहे ना? तिच्या कण्यातून सुरी जाते, कारण मोरीच्या अंगात खरं हाड नसतं, कूर्चा असते. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला जो पांढरा, चकचकीत, गुळगुळीत थर दिसतो तीही कूर्चाच. आपल्या सांध्यात हाडांच्या टोकांवर असाच थर असतो, जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड. गुडघ्यात त्याशिवाय दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात. गुडघा पिळवटला की त्या फाटू शकतात.

टोकांवरच्या या थरात रक्तवाहिन्या नसतात. रक्त नाही म्हणून गाठ नाही, गाठ नाही म्हणून दुरुस्तीचं सामान पोचत नाही. चंद्रकोरी गादीला फक्त बाहेरच्या कडेला रक्त मिळतं. त्या कडेची फट कधी भरते, आतली सहसा भरत नाही. लंडनमधले डॉक्टर विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा गेली की परत येत नाही. आज डॉक्टर खालच्या हाडाला बारीक भोकं पाडून तिथे रक्त आणतात. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून परत बसवल्या आणि १९९४ साली ते प्रसिद्ध केलं. याने फरक पडतो. पण भोकं पाडून भरून येते ती कूर्चा मूळच्याइतकी टिकाऊ नसते.

आणखी दोन गोष्टी. कूर्चेत नसा नाहीत, म्हणून ती झिजताना सुरुवातीला दुखत नाही. आणि साध्या एक्स-रेत ती दिसत नाही, त्यासाठी एमआरआय लागतो. म्हणून "एक्स-रे चांगला आहे" याचा अर्थ "गुडघा चांगला आहे" असा घेऊ नका.

हे दिसलं तर हाडांच्या डॉक्टरांकडे जाच

– मार लागल्यावर तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला. आत रक्त साठल्याची ही खूण आहे.
– गुडघा मध्येच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही.
– चालताना गुडघा दगा देतो.
– पायावर चार पावलंही भार देता येत नाही.
– हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. तिथल्या लहान हाडाला स्कॅफॉइड म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच होडीसारखं. त्याला रक्त कमी मिळतं, पहिल्या एक्स-रेत मोड कधी दिसत नाही, आणि दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही. दहा-बारा दिवसांनी परत एक्स-रे सांगितला तर कंटाळा करू नका.

दर्यात असताना

मोडलेला अवयव ओढून सरळ करू नका. आहे तसा फळीला टॉवेलाने बांधा, पण घट्ट आवळू नका. बोटं थंड, निळी किंवा बधिर झाली तर लगेच सैल करा. अंगठी काढा. जखम उघडी असेल तर स्वच्छ कापडाने झाका. बर्फ आपल्याकडे भरपूर असतो, तो कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कातडीवर थेट नको. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, किनाऱ्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८.

हाडवैद्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण ताज्या मोडीवर चोळणं आणि करकचून बांधणं यामुळे रक्त अडून हात कायमचा वाकडा झाल्याची उदाहरणं डॉक्टर सांगतात. आधी एक्स-रे, मग बाकीचं.

बरं होताना

– तंबाखू, गुटखा, विडी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळतं.
– तारली काट्यासकट खा, अंडी, डाळ खा. महागड्या तेलाने किंवा पावडरीने गेलेली कूर्चा उगवत नाही.
– कूर्चेला सांध्यातल्या पाण्यातून अन्न मिळतं, स्पंज दाबून सोडल्यासारखं. म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली की गुडघा हलवत राहा, पण त्यावर ओझं टाकू नका.
– गोळी घेऊन दुखणं दाबून कामाला जाऊ नका. दुखणं हा सांध्याचा इशारा आहे.
– बाजारात तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्या आमच्या बहिणींनी उंच स्टूल घ्यावं. गुडघे तुमचेही झिजतात.

होडीमालकांना विनंती

ट्रॉलरवरचे बरेच खलाशी परराज्यातले आहेत. मजुरी बुडेल म्हणून ते दुखणं लपवतात. त्यांना हा मजकूर हिंदीत समजावून सांगा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुखापतीच्या माणसाला विंचवर किंवा जाळ्यावर उभं करू नका. तोपर्यंत जाळी सांधणं, हिशेब, किनाऱ्यावरची कामं द्या. हंगामाचे पहिले चार आठवडे गेले तर नुकसान भरून निघतं. गुडघा गेला तर त्या माणसाचे पुढचे वीस हंगाम जातात.

ज्यांना शंका आहे त्यांनी १ ऑगस्टच्या आधी संस्थेच्या ऑफिसात या. दवाखान्यात सोबत आम्ही येऊ.

दर्या सगळ्यांना सुखरूप परत आणो.

आपला,
सेक्रेटरी