तेराव्या पेनाचे पैसे

हाडं ठिसूळ झाली म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "सुई केवढ्याला?" परळ-दादरच्या केमिस्टकडे आकडा ऐकून माणसं एक तर हबकतात, नाहीतर निर्धास्त होतात. दोन्ही घाईचं. वर्षाला किती सुया, किती वर्षं आणि बंद करताना काय, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदा, सलाइनसारखं शिरेतून, निदान पंधरा मिनिटं चालतं. भारतीय कंपन्यांचं औषध काही हजारांत येतं. पण त्यावर सेट, नर्सिंग आणि डे-केअरच्या खाटेचे पैसे चढतात, म्हणून आधी एकत्रित आकडा मागा. फोनवर भाव विचारताना '५ मिलिग्रॅम' असं स्पष्ट सांगा. ४ मिलिग्रॅमची कुपी मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांसाठी असते; टाटा रुग्णालयाच्या आसपास नुसतं नाव घेतलंत तर तिचाच भाव कळायचा. क्रिएटिनिनची तपासणी आधी हवीच, कारण मूत्रपिंडं फार मंदावली असतील तर हे औषध देत नाहीत. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. सोबत जाणाऱ्याची रजाही खर्चात धरा.

डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचतात. खाट नको, सलाइन नको. गिरगावातले फॅमिली डॉक्टरही देऊ शकतील. सोय मोठी आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त विचार हिच्याच बाबतीत करावा, कारण ही सुई मध्येच सोडता येत नाही. सोडली तर कमावलेलं हाड झपाट्याने जातं आणि पाठीचे मणके एकामागून एक मोडू शकतात. "आता गावाला निघालोय, गणपती झाले की बघू" हे लालबागचं वेळापत्रक इथे चालत नाही. तारीख कालनिर्णयवर आजच गोल करून ठेवा. पुढे थांबवायचंच ठरलं तर जागी दुसरं औषध घ्यावं लागतं, बहुधा वर झालेलं झोलेड्रॉनिकच. तोही खर्च याच हिशेबातला.

टेरिपॅराटाइड रोज घ्यायचं, घरीच, पेनाने. कोर्स साधारण दोन वर्षांचा. २८ दिवसांचं पेन असेल तर वर्षाला बारा नाही, तेरा लागतात. समजा पेन ५,००० रुपयांचं, तर वर्षाचे ६०,००० नव्हे, ६५,००० झाले. सुया बहुतेकदा वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. कोर्स संपल्यावर हाड टिकवायला पुन्हा दुसरं औषध आहेच.

खरेदीचं म्हणाल तर एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ब्रँडनुसार किमती 'फार्मा सही दाम' या सरकारी ॲपवर पाहता येतात. रुग्णालयाच्याच दुकानातून औषध घेण्याची सक्ती नाही. प्रिन्सेस स्ट्रीटला चक्कर मारलीत तर सवलत मिळेलही; फक्त बाहेरचं औषध टोचून देणार का, हे रुग्णालयात आधी विचारा. डेनोसुमॅब आणि टेरिपॅराटाइड २ ते ८ अंश तापमानात राहायला हवीत. दुकानदार फ्रीजमधून काढून देतो की फळीवरून, हे डोळ्यांनी पाहा. फळीवरचं असेल तर कितीही सूट देवो, घेऊ नका. घरी आणताना बर्फाची पिशवी हवी, पण औषध बर्फाला चिकटू द्यायचं नाही. गोठलं की वाया.

सुरुवातीला हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी. दात काढायचा असेल तर झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅबआधीच काढून घ्या. नंतर जबड्याचं हाड भरून न येण्याची जोखीम असते, दुर्मिळ असली तरी.

मेडिक्लेम बहुधा दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही, तेव्हा टीपीएचं, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचं, उत्तर लेखी घ्या. साठीपुढच्या आई-वडिलांचा विमाच नसेल तर जुन्या करप्रणालीत त्यांच्या औषधपाण्याची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र रोखीने दिलेले पैसे त्यात धरत नाहीत, म्हणून काउंटरवर कार्ड किंवा यूपीआय काढा आणि बिलावर रुग्णाचं नाव घालून घ्या.